पाठाची प्रस्तावना: मुलांसाठी की निरीक्षकांसाठी?



अध्यापक शिक्षणाच्या पहिल्याच सत्रात तुमच्या हाती पाठ टाचणाचा छापील नमुना येतो. वर शाळेचे नाव, इयत्ता, विषय, घटक. त्याखाली उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे. मग शिक्षक कृती, विद्यार्थी कृती आणि फलक लेखन असे रकाने असलेला तक्ता. तक्त्यातली पहिली चौकट 'प्रस्तावना' असते. मुलांची उत्सुकता जागी करून त्यांना नव्या घटकाकडे आणणे हे तिचे काम, असे जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. तिच्यासाठी तासातली चार-पाच मिनिटे राखलेली असतात.

एखाद्या छोट्या लेखनप्रकाराचे परीक्षण करावे, तसे या चौकटीचे परीक्षण आपण या टिपणात करणार आहोत. ती लिहिली जाते, तिचे संकेत ठरलेले आहेत आणि तिला एक वाचकही आहे. माझा मुख्य आक्षेप या वाचकासंबंधीच आहे.

पुढचा नमुना कुठल्या एका वहीतून उचललेला नाही. पण पाठांच्या वह्या चाळलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. इयत्ता सहावी, घटक जलचक्र.

शिक्षक: सकाळी उठल्यावर तुम्ही काय करता?
विद्यार्थी: दात घासतो, तोंड धुतो.
शिक्षक: तोंड कशाने धुता?
विद्यार्थी: पाण्याने.
शिक्षक: पाणी आपल्याला कुठून मिळते?
विद्यार्थी: विहीर, नदी, तलाव.
शिक्षक: नदीला पाणी कुठून येते?
विद्यार्थी: पावसामुळे.
शिक्षक: पाऊस कसा पडतो?
विद्यार्थी: (उत्तर देण्याचा प्रयत्न करतात.)
हेतुकथन: मुलांनो, आज आपण 'जलचक्र' या घटकाचा अभ्यास करणार आहोत. (फलकावर शीर्षक लिहितात.)

वरवर पाहता यात काही चुकलेले नाही. प्रश्न सोपे आहेत, परिचिताकडून अपरिचिताकडे जातात, मुले बोलती होतात, निरीक्षण तक्त्यातले गुण मिळतात. आता हीच चौकट सहावीतल्या मुलाच्या जागेवर बसून वाचा. तोंड पाण्याने धुतात हे त्याला अर्थातच माहीत आहे. इतका सोपा प्रश्न सरांनी का विचारला, हे मात्र त्याला माहीत नाही. म्हणून तो पाण्याचा विचार करतच नाही. सरांना कोणता शब्द हवा आहे याचा विचार करतो. दोन-तीन प्रश्नांत त्याला खेळ कळतो. बाई किंवा सर एका शब्दाकडे निघाले आहेत आणि तो ओळखून सांगायचा आहे. हात भराभर वर होतात आणि त्यालाच आपण उत्सुकता म्हणतो.

दुसरी गोष्ट 'विद्यार्थी कृती' या रकान्याची. मुलांची उत्तरे आदल्या रात्री लिहून झालेली असतात. दुष्काळी भागातल्या शाळेत 'पाणी कुठून मिळते?' या प्रश्नाला एखादी मुलगी 'टँकरने' असे म्हणेल. टाचणात या उत्तराला जागा नाही. छात्राध्यापक 'बरं, अजून कुठून?' असे म्हणत पुढच्या बाकाकडे वळतो आणि 'नदी' मिळेपर्यंत वळत राहतो. त्या तासाला वर्गात आलेले सर्वात मोलाचे उत्तर 'टँकर' होते. टँकर कुठे भरतो? त्या विहिरीत पाणी आहे आणि आपल्या विहिरीत नाही, असे का? पाऊस तर दोन्हीकडे सारखाच पडला ना? भूजल, खडकाचा प्रकार, बाष्पीभवन, म्हणजे जलचक्राचा अर्धा पाठ त्या एका शब्दात होता. त्या मुलीला मात्र एवढेच कळले की आपल्या घरचे पाणी पुस्तकातल्या पाण्यात मोडत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वात जास्त खटकते. या संवादात खरा प्रश्न एकच आहे, तो शेवटचा. पाऊस कसा पडतो हे मुलांना खरोखर माहीत नाही, निदान पूर्ण माहीत नाही. इथे वर्ग क्षणभर गप्प होऊ शकतो, चुकीची पण विचार केलेली उत्तरे येऊ शकतात. आणि नेमक्या याच जागी आपण घटकाचे नाव जाहीर करून ती शांतता मोडतो. राजस्थानसारख्या हिंदी भाषक राज्यांतल्या पाठयोजनांत हा संकेत आणखी उघड दिसतो. तिथे 'प्रस्तावना प्रश्न' मांडतात, शेवटच्या प्रश्नासमोर उत्तराच्या रकान्यात सरळ 'समस्यात्मक' असे लिहितात आणि पुढच्याच ओळीत 'उद्देश्य कथन' येते. मुलांना उत्तर येणार नाही हे आधीच ठरलेले असते. आले तर पंचाईत. अडलेला प्रश्न मुलांच्या हाती न देता त्याच्या जागी एक शीर्षक दिले जाते. 'जलचक्र' हा शब्द फळ्यावर आला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात त्याला फक्त नाव मिळालेले असते.

हर्बार्टचे काय झाले

परीक्षेत 'हर्बार्टची पंचपदी' हा प्रश्न येतो आणि तुम्ही पूर्वतयारीपासून उपयोजनापर्यंत पाच पायऱ्या लिहिता. त्यामागचा इतिहास थोडा वेगळा आहे. योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) याने अध्ययनाचे चार टप्पे सांगितले होते. त्याच्यानंतर त्सिलरने पहिल्या टप्प्याचे दोन भाग केले आणि येना येथे शिकवणाऱ्या विल्हेल्म राइनने आज पाठ असलेल्या पाच पायऱ्यांना रूप दिले. म्हणजे पंचपदी हर्बार्टच्या नावावर असली, तरी तिची घडी त्याच्या अनुयायांनी घातलेली आहे.

इथे केवळ पायऱ्यांची संख्या बदलली नाही. हर्बार्टच्या मते नवी कल्पना मनात आधीपासून असलेल्या कल्पनांना जाऊन जुळते. जुळणारे काही सापडले नाही तर ती टिकत नाही. म्हणून शिकवण्यापूर्वी मुलाच्या मनात काय आहे ते वर आणायचे. ते वर आणण्यासाठी ते आधी शिक्षकाला कळले पाहिजे. टँकर म्हणणाऱ्या मुलीचे उत्तर हर्बार्टच्या दृष्टीने अडथळा नव्हते, तेच तर पूर्वज्ञान होते. शिवाय त्याच्या विचारात रुची हे शिकवण्याचे साधन नसून साध्य आहे. शिक्षण संपल्यावर माणसाला जगातल्या अनेक गोष्टींत रस वाटत राहावा, ही त्याची अपेक्षा होती. आपल्या टाचणात रुची पहिल्या पाच मिनिटांत 'निर्माण' होते आणि मग विषय विवेचन सुरू होते, म्हणजे आता तिची गरज संपली!

जॉन ड्यूईने १९१३ साली रुची आणि प्रयत्न या विषयावरच्या छोट्या पुस्तकात यावर बोट ठेवले. एखादी गोष्ट 'रंजक करून' द्यावी लागते असे आपण म्हणतो, तेव्हा ती मुळात नीरस आहे हे आपण मान्यच केलेले असते. मग वरून साखर पेरली जाते. मुलाच्या स्वतःच्या चाललेल्या कृतीशी विषयाचे नाते काय, हे शोधायचे राहून जाते.

सूक्ष्म अध्यापनातले 'सज्जता प्रवर्तन'

१९६३च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत उभी केली. अध्यापनाची छोटी छोटी कौशल्ये वेगळी काढायची, एकेकाचा सराव करायचा. आपल्याकडे ती सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा आणि सहा मिनिटे, अशा ३६ मिनिटांच्या चक्रात बसवली गेली. पाठाच्या आरंभाच्या कौशल्याला मराठीत 'सज्जता प्रवर्तन' असे भारदस्त नाव आहे.

नवख्या माणसाचा धीर चेपण्यासाठी ही पद्धत उपयोगी आहे, हे मान्य करायला हवे. पहिल्यांदा ५० मुलांसमोर उभे राहताना घसा कोरडा पडतो. अशा वेळी पहिली चार वाक्ये तयार असणे हा मोठा आधार असतो. पण सज्जता प्रवर्तनाचा सराव नेमका कसा होतो ते पाहा. समोर खरी मुले नसतात, तुमचेच सहाध्यायी सहावीतले विद्यार्थी बनून बसलेले असतात. त्यांना घटक माहीत असतो, त्यामुळे ते सोयीची उत्तरे देतात. आणि सहा मिनिटांनी घंटा होते. ज्या पाठासाठी सज्जता आणायची तो पाठच पुढे नसतो! सुरुवात चांगली होती की नाही हे पुढच्या अर्ध्या तासात कळते, आणि तो अर्धा तास या चक्रात कुठेच नाही. परिणामी सुरुवात ही पाठापासून सुटी, स्वतंत्रपणे सादर करण्याची वस्तू होऊन बसते. मग ती आकर्षक करण्याची स्पर्धा लागते: गाणे, कोडे, रंगीत चित्र, जादूचा प्रयोग, हल्ली मोबाइलवरची चित्रफीत.

या आकर्षकपणाची किंमत संशोधकांनी तपासली आहे. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वीज कशी चमकते हे समजावणारा मजकूर वाचायला दिला. काहींच्या मजकुरात वीज पडून माणसांना झालेल्या इजा आणि तत्सम सनसनाटी पण मूळ स्पष्टीकरणाशी संबंध नसलेले तपशील घातले होते. हे तपशील वाचणाऱ्यांना मुख्य मुद्दे कमी आठवले आणि समजेची कसोटी घेणाऱ्या प्रश्नांतही ते मागे पडले. तुमच्या-माझ्या कामाचा भाग पुढे आहे: असे तपशील आरंभी असले की नुकसान होई, तेच शेवटी ठेवले तर फारसे होत नसे. संशोधकांनी लावलेला अर्थ असा की आरंभीचा तपशील वाचकाच्या मनातले चुकीचे पूर्वज्ञान जागे करतो आणि मग तो सगळा मजकूर त्या अंगाने लावत जातो. हे प्रयोग छापील मजकुरावरचे आहेत, वर्गातल्या गाण्यावरचे नाहीत, हे लक्षात ठेवा. तरीही विजेच्या पाठाआधी वीज पडून मेलेल्या म्हशीची बातमी वाचून दाखवावी का, याचा विचार करायला ते पुरेसे आहेत. मुलांचे डोळे विस्फारतील खरे, पण त्यांच्या डोक्यात तास संपेपर्यंत ती म्हैसच राहील.

गिजुभाई आणि कोसबाड

शिक्षणशास्त्राच्या पेपरात गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांची चरित्रे आपण आदराने लिहितो आणि पाठ टाचणाकडे वळताना विसरून जातो. हा आदर मला थोडा संशयास्पद वाटतो. या दोन्हींत पाठाच्या आरंभाबद्दल फार व्यावहारिक असे काही आहे.

'दिवास्वप्न' ही एका काल्पनिक शिक्षकाची गोष्ट. चौथीचा वर्ग हाती घेताना तो पहिल्या दिवसासाठी शांततेचा खेळ ठरवून जातो, म्हणजे आजच्या भाषेत त्याचे सज्जता प्रवर्तन तयार असते. मुले ते उधळून लावतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि वर्ग गप्प होतो. इथपर्यंतचा भाग सगळे सांगतात आणि 'म्हणून पाठाची सुरुवात गोष्टीने करावी' असा निष्कर्ष काढतात. पण पुस्तक पुढे वाचा. ती गोष्ट कशाची प्रस्तावना नाहीच. तो दिवसेंदिवस गोष्टीच सांगत राहतो, इतका की 'शिकवणार कधी?' असा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. गोष्टींतून वाचनाची ओढ आणि वर्गाचे वाचनालय उभे राहते. गोष्ट हेच शिकणे होते. गोष्ट मध्येच थांबवून 'तर मुलांनो, आज आपण भाववाचक नामाचा अभ्यास करणार आहोत' असे त्याने म्हटले असते, तर त्या वर्गाने पुन्हा काय केले असते याची कल्पना करा.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून महाराष्ट्रात आल्या आणि १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तिथे त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीवरच्या अंगणात नेली गेली. अंगणवाडी या शब्दामागे हा अनुभव आहे. १९५७ साली काम कोसबाडला गेले, तेव्हा वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून कुरणावर शाळा भरवली, ती कुरणशाळा. साधने आसपासची: दगड, बिया, पाने, शिंपले. याला आपण समाजसेवा म्हणून नमस्कार करतो. माझ्या मते हे पाठाच्या आरंभाचे उत्तम उदाहरण आहे. मूल आत्ता कुठे आहे आणि त्याचे हात कशात गुंतले आहेत, हे शोधून पाठ तिथून सुरू केला गेला. गुरे राखणाऱ्या मुलाला 'सकाळी उठल्यावर तुम्ही काय करता?' हा प्रश्न खरोखर विचारता येतो, कारण त्याचे उत्तर विचारणाऱ्याला माहीत नसते.

तिलक नगरातला एक तास

आता प्रत्यक्ष पाठ रचून पाहू. तुमच्यापैकी सगळे महाराष्ट्रात नाहीत, म्हणून मुद्दाम बाहेरचे ठिकाण घेतो. जयपूरच्या तिलक नगरातल्या एका शाळेत तुमचा सराव पाठ आहे असे धरा. विषय भूगोल, घटक रेखावृत्ते आणि प्रमाणवेळ. नेहमीची प्रस्तावना ठरलेली: घड्याळाचे चित्र दाखवा, 'किती वाजले?' असे विचारा, 'अमेरिकेत आत्ता किती वाजले असतील?' असे विचारा, हेतुकथन.

त्याऐवजी दोन दिवस आधी शाळेच्या अंगणात एक सरळ काठी रोवा. दुपारी बारा वाजता सूर्य सर्वात उंच असतो, असे बहुतेक मुले म्हणतील. त्यांना ते वहीत लिहू द्या. मग साडेअकराच्या पुढे केव्हातरी सावलीच्या टोकावर खूण करा, काठीच्या बुंध्याला दोरी बांधून त्या खुणेतून वर्तुळ काढा आणि सावली आखडून पुन्हा वाढत त्याच वर्तुळाला कधी टेकते ते पाहा. समजा पहिली वेळ ११:४० आणि दुसरी १:१४. मधली वेळ १२:२७. म्हणजे घड्याळात बारा वाजले तेव्हा तिलक नगरात मध्यान्ह झालीच नव्हती. घड्याळ चुकीचे की सूर्य?

हा प्रश्न घेऊन मुले वर्गात येतात आणि तास सुरू होतो. प्रस्तावनेला वेळच लागत नाही, ती आधीच झालेली असते. भारताची प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखावृत्तावर ठरते, जयपूर साधारण ७५.८° पूर्वेला आहे, पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. ६.७ गुणिले ४, सुमारे २७ मिनिटे. पाठातली प्रत्येक संख्या मुलांच्या काठीला उत्तर देण्यासाठी येते. जयपूरच्या जुन्या शहरातले जंतरमंतर अनेकांनी पाहिलेले असेल. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेले सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र ही त्यांच्या काठीचीच थोरली बहीण. त्यावरची सावली सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर सरकते, डोळ्यांना दिसेल इतकी. ते यंत्र मनगटावरच्या घड्याळाशी का जुळत नाही, हे मुले आता स्वतः सांगू शकतात. पाठ मुंबईत असेल तर फरक ३९ मिनिटांचा. १९०६ साली प्रमाणवेळ आल्यावर मुंबईकरांनी विरोध केला आणि 'मुंबई टाइम' त्यानंतरही अनेक वर्षे शहरात चालत राहिला. कोलकात्यात उलट: तिथे मध्यान्ह बाराच्या आधीच होते.

या पाठात एक अडचण आहे, ती लपवू नका. काठीचे उत्तर वर्षभर १२:२७ येत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी ते १२:११च्या आसपास येईल, फेब्रुवारीच्या मध्यास १२:४१च्या. कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. पूर्ण स्पष्टीकरण सातवी-आठवीला झेपणार नाही. तेव्हा 'आपल्या हिशोबाने २७ यायला हवे होते, १४ मिनिटे जास्त आली, ती कुठून आली?' हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा काठी रोवा. पावसाळ्यात अर्थातच हे सगळे जमणार नाही.

राहिला प्रश्न निरीक्षकांचा, आणि तो क्षुल्लक नाही, कारण गुण त्यांच्या हातात आहेत. टाचणाचा नमुना तुम्ही बदलू शकत नाही, पण चौकटीत काय लिहायचे ते तुमच्या हाती आहे. हेतुकथनाच्या जागी शीर्षकाऐवजी प्रश्न लिहा: 'तिलक नगरात मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास का होते, हे आज शोधू.' शीर्षक फळ्यावर तासाच्या शेवटी लिहिले तरी चालते. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात एकाऐवजी तीन संभाव्य उत्तरे लिहा, त्यात निदान एक चुकीचे आणि एक अनपेक्षित, आणि प्रत्येकानंतर तुम्ही काय कराल ते लिहा. टाचण तपासून घेतानाच मार्गदर्शक प्राध्यापकांना हे दाखवा आणि कारण सांगा. पाठाच्या दिवशी त्यांना धक्का देऊ नका. लिहून झाल्यावर एक परीक्षा स्वतःच घ्या: प्रस्तावनेची चौकट हाताने झाका आणि उरलेला पाठ वाचा. तो जसाच्या तसा उभा राहत असेल, तर झाकलेला मजकूर मुलांसाठी नव्हता.

आणि काही तासांना प्रस्तावना लागतच नाही. काल अपूर्णांकांची बेरीज चालू होती, तिसऱ्या उदाहरणात निम्मा वर्ग अडला होता, घंटा झाली. अशा दिवशी तोंड धुण्यापासून सुरुवात करू नका. फळ्यावर तेच तिसरे उदाहरण लिहा आणि खडू अडलेल्यांपैकी एकाच्या हातात द्या.